भाऊसोंचं मशीन

परसातल्या दोरीवर मास्क वाळत होता आणि आकाराम पाव्हण्यांची नजर नेमकी त्याच्यावर गेली.

“हे काय, फवारणीचं?” त्यांनी विचारलं.

भाऊसोंनी हातातला तांब्या खाली ठेवला. मागच्या दारात त्यांची बायको तानुबाई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

“न्हाई,” भाऊसो म्हणाले. “झोपेचं मशीन हाय, त्याचं. माझं.”

आकाराम आणि त्यांची बायको भामाबाई आटपाडीहून कडेगावला घर बघायला आले होते. भाऊसोंची मुलगी पल्लवी त्यांनी आधीच पसंत केली होती. मुलगा सैन्यात होता. रजा मिळाली की लग्न. घर आणि घरातली माणसं बघून होकार द्यायचा, एवढंच उरलं होतं.

“पोरगी आईवर गेलीया,” भामाबाई सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाल्या. “नाक, डोळं, चालनं बी. आईला बघितलं की पोरगी फुडं कशी निघंल ते कळतंय.”

ते ऐकून तानुबाई आत गेली.

आकारामांचं लक्ष मात्र मास्कवरच होतं. “झोपेचं मशीन म्हंजे? झोप येत न्हाई?”

“येती. लय येती.”

मग मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं होतं तसं भाऊसोंनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते, श्वास थांबतो. मग दचकून जाग येते, श्वास सुरू होतो, डोळा लागतो, की पुन्हा तेच. पुण्याच्या तपासणीत तासाला एकतीस वेळा श्वास थांबला होता. दिवसा बसल्या जागी डोळा लागायचा तो त्यामुळेच. मशीन नळीतून ठरावीक दाबाने हवा सोडतं आणि वाट उघडी ठेवतं. बाकी काही नाही.

चार महिन्यांत हे सगळं त्यांना पाठ झालं होतं. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. नाक कोरडं पडायचं, गुदमरल्यासारखं व्हायचं, झोपेतच मास्क ओढून काढला जायचा. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ असायचे आणि ते जाईपर्यंत घराबाहेर पडणं नको वाटायचं. पारावरचे लोक भाऊसोंना ‘पायलट’ म्हणू लागले होते. “काय पायलट, रातच्याला इमान कुटवर गेलतं?” भाऊसो हसायचे आणि मान खाली घालून पुढे जायचे.

“मंजी घोरता, असं म्हना की!” आकाराम मोठ्याने हसले. “आवं, आमच्यात आज्यापासनं समदे घोरत्यात. बाप्या मानसाला त्याचं काय एवढं!”

संध्याकाळची आटपाडीची एसटी आलीच नाही. पाव्हणे मुक्कामाला राहणार, हे ठरलं. पुरुषांची अंथरुणं बाहेरच्या सोप्यात, बायकांची माजघरात.

भाऊसो चुलीपाशी जाऊन उभे राहिले. “मशीनचं काय करू?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“सोप्यात घ्या.” तानुबाई भाकरी थापत होती.

“त्यांच्याफुडं?”

“दुपारी सांगितलंय न्हवं? आता न्हाई लावलं तर इचारतील.”

“आनि काय झालं मंजी?”

“एका रातीनं काय हुतंय?” तिने भाकरी तव्यावर टाकली. “पोरीचं जमू द्या.”

तिने मान वर केली नाही.

जेवणं झाल्यावर त्यांनी सोप्यात मशीन मांडलं आणि बटण दाबलं. आकाराम अंथरुणावर मांडी घालून बघत बसले. पट्टा डोक्यामागून येईना, तो सैल करावा लागला. मास्क बसला, पण मिशीच्या बाजूने हवा फुसफुसत सुटायला लागली. भाऊसोंनी तो दोनदा काढला, दोनदा लावला.

“चार म्हैनं झालं म्हनता, आन् आजून बसवता येईना व्हय?”

“कुनी बघत असलं की जमत न्हाई,” भाऊसो मास्कच्या आतून म्हणाले.

“हत्तीचं पिल्लू दिसताय, पाव्हणं!”

आकाराम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आत बांगड्या वाजल्या. बायका ऐकत होत्या. भाऊसोंचे कान तापले. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सकाळी आकाराम खुशीत उठले. “मशीन लय भारी हाय. रातभर हूं की चूं न्हाई. तुमाला लागली का झोप?”

“लागली,” भाऊसो म्हणाले.

खरंच लागली होती. त्याचीच त्यांना इतकी लाज वाटली, की पाव्हण्यांच्या तोंडाकडे बघवेना.

भामाबाई पदर सावरत माजघरातून बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “आवं, माझं तर ठरलं. ह्या रातभर भितीला टेकून जप करत हुत्या. मी तीनदा जागी झाले, तर तीनदा बसलेल्याच. अशा आईची लेक कुटं मिळायची?”

“मग झालं की,” आकाराम म्हणाले. “साखर आना.”

पल्लवीने साखर आणली. तोंडं गोड झाली. भाऊसोंनी पाव्हण्यांना सहाच्या एसटीत बसवलं, गाडी वळेपर्यंत हात हलवला आणि मग ते घराकडे जवळजवळ पळत सुटले.

सोप्यातलं मशीन उचलून त्यांनी माजघरात नेलं. तानुबाई अजून भिंतीलाच टेकून होती. तिचे डोळे लाल झाले होते.

“जमलं,” ती म्हणाली.

भाऊसो तिच्याशेजारी बसले. त्यांनी मास्क ओल्या फडक्याने नीट पुसला, मशीन सुरू केलं आणि, गेले चार महिने रोज रात्री बसवत होते तसा, तो बायकोच्या नाकावर बसवला.