उतारावरचं वाकडं झाड

वैजयंतीने सिम्युलेटरचा दांडा कलवला आणि छोटं विमान बेटावरच्या दुसऱ्या शिखरामागे नेलं. तिचा नवरा याच वाटेने निघाला होता. त्याचं विमान समुद्रात पडलं, असं तो ज्या कंपनीत वैमानिक होता तिचं म्हणणं. तिला ते पटलं नव्हतं. सिम्युलेटरमधले डोंगर रोज सकाळी कंपनीकडून येणाऱ्या उपग्रहाच्या ताज्या फोटोंवरून बनायचे, म्हणून ती रोज उडायची.

आज उतारावर एकच वाकडं झाड अकरा ठिकाणी उभं होतं, फांदीला फांदी जुळणारं.

“भावजी, एकच झाड पुन्हा पुन्हा चिकटवून इथं काहीतरी झाकलंय.”

शेजारी बसलेला दीर त्याच कंपनीत कामाला होता. पडद्याकडे न बघताच तो म्हणाला, “मशीनची चूक असेल, वहिनी. कुठं बोलू नका.”

ती कुठंच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती अकराही झाडं वेगवेगळी होती.