घरगुती वापरासाठी

डेटनमध्ये ट्रॉफ्या आणि नोकरी सोडणाऱ्यांना द्यायच्या निरोपाच्या पाट्या कोरून देणारं मर्लचं दुकान होतं. त्यात तीनच कॉम्प्युटर, तेही म्हातारे. त्यांना झेपेल असा फुकटचा अँटीव्हायरस तिथे कामाला असलेल्या बर्निसनं आठवडाभर डोकं खाजवून शोधून काढला.

"मर्ल, हा फक्त घरगुती वापरासाठी फुकट आहे. आपलं तर दुकान."

"अगं, एकोणीस वर्षं झाली तुला इथे. आपण सगळे एका घरचेच नाही का? टाक बिनधास्त!"

बर्निस सुखावली. शेवटी मर्लच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासणी लावून ती कॉफी घेऊन समोर बसली. तो इतका रखडत चालायचा, की तपासल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलचं नाव निवांत वाचता येत होतं. शाळेची बेसबॉल ट्रॉफी. बोलिंग क्लबची ढाल. मग एका नावावर तो जरा जास्तच अडकला: 'बर्निसच्या निरोपाची पाटी, या शुक्रवारी हवी.'

तिच्या निवृत्तीला अजून आठ वर्षं होती.

कॉफी निवली. तपासणी संपली, आणि पडद्यावर हिरवीगार खूण उमटली.

 

"एकही धोका आढळला नाही."