नव्या कंपनीला पुन्हा सांगताना

गृहकर्ज काल तिसऱ्या कंपनीकडे गेलं आणि कर्जापेक्षा कमी किमतीत घर विकायची जुनी मंजुरी रद्द झाली. मृदुला पुन्हा कंपनीच्या यंत्रासमोर बसली. अडचण खरी की खोटी, याचा निवाडा ते आवाजावरून करायचं. घर घेणारे कुलथे सोफ्यावर चुळबुळत होते.

“माझे पती श्रीरंग वारले. एकटीला हप्ते झेपत नाहीत,” ती म्हणाली.

“आवाजात दुःख आढळत नाही. पुन्हा सांगा,” यंत्र म्हणालं.

“अहो, याआधी दोन कंपन्यांना हेच सांगितलंय मी.”

कुलथे उठले. “वहिनी, जरा रडून सांगा ना. मागच्या वेळी रडलात तेव्हा लगेच झालं होतं.”

तिने श्रीरंगचा चेहरा आठवून पाहिला. आठवलं ते फक्त पाठ झालेलं वाक्य. चेहरा काही येईना, आणि मग तिला रडू आवरेना.

“आता आढळलं,” यंत्र म्हणालं. “मंजूर.”