माहेरचा दोष

बाळाच्या डोळ्यांचा पिवळेपणा जाईना, म्हणून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनी कागदावर चित्र काढून समजावलं, "हा आजार आई आणि वडील, दोघांच्या रक्तातून येतो. यकृत बिघडतं, पुढे फुप्फुसंही. यावर अजून औषध नाही. पण घरात धूर नको, एवढं सांभाळा."

गाडीत बेगडेवाडीपर्यंत मी त्याचा श्वासच ऐकत होते. घरात पाऊल टाकलं, तर सासूबाई चुलीवर मिश्रीसाठी तंबाखू भाजत बसलेल्या. बाळाला ठसका लागला. मी फडक्यानं तवा उचलला आणि थेट अंगणात नेऊन ठेवला.

"कालिजात गेलीस म्हून मला शिकवती व्हय गं?" सासूबाई कडाडल्या. "आमच्या घरात असलं दुकनं कुनालाच न्हाई. तुज्या म्हायेरचं रगातच नासकं! घे ते प्वार, आन् जा म्हायेरी."

मी बाळाला कडेवर घेतलं आणि ट्रंक उघडली.



"जाते की. पण तुमचंही लुगडं यात भरू का, आत्या? माझं माहेर म्हणजे तुमच्या सख्ख्या भावाचंच घर."