हलका हात

हरिहरपंत टांग्याच्या मागच्या बाकावर बसले, पगडी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून म्हणाले, "चल गणू, खोपटच्या नाक्यापर्यंत ने." पाठोपाठ त्यांनी सूर लावला.

गणूने लगाम उचलला. ही त्याची तिसरी परीक्षा, आणि शेवटची. टांगा हाकायला कचेरीचा बिल्ला लागेल, असा नियम राणीच्या ज्युबिलीच्या साली निघाला होता, आणि बिल्ला देणं न देणं पंतांच्या हाती होतं. तिसऱ्या परीक्षेपर्यंत तेवढी बिनबिल्ल्याने हाकायची मुभा होती. आज नापास झाला तर पुन्हा मिठागर. तिथल्या खाऱ्या पाण्याने त्याच्या तळपायांना अशा भेगा पडल्या होत्या की वैद्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, आणखी एक हंगाम त्या चिखलात उभा राहिलास तर कायमचा बसून राहशील. म्हणून तर त्याने हा टांगा घेतला होता. घोडा म्हातारा होता, पण त्याचं सारं आयुष्य स्टेशन ते खोपट करण्यात गेलं होतं.

पंतांची परीक्षा सगळ्या ठाणे स्टेशनाला ठाऊक होती. पंत कीर्तनवेडे. तलावापाशी देवळात कीर्तन असलं की कचेरीतून घरी न जाता थेट तिथेच. परीक्षेच्या टांग्यात बसले तरी तेच. डोळे मिटायचे, पद म्हणायला लागायचं, आणि उतरताना पास की नापास एवढंच सांगायचं. रस्त्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. तेव्हा टांगेवाल्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला, की पंतांना साथ हवी. ज्याचं गाणं चांगलं, त्याला बिल्ला. गोपीनाथचा गळा गोड, तो पहिल्या फटक्यात पास झाला. पंढरीचा गळा त्याहून गोड, तो नापास झाला. मग त्याच्या गाण्यात भाव नसणार, असं सर्वांनी ठरवून टाकलं.

गणूला गाणं येत नव्हतं. मागच्या दोन्ही खेपांना तो दोन्ही हातांनी लगाम आवळून मुकाट बसला होता, आणि दोन्ही खेपांना पंत मान हलवत उतरले होते.

"टांगा रोज हाकतोस रे, त्यात काय शिकायचंय?" गोपीनाथ म्हणाला होता. "कीर्तनाला बस."

गणू चातुर्मासभर कीर्तनाला बसला. खांबाला टेकून, सर्वांत मागे. आधी शिकायला म्हणून बसायचा. मग केव्हापासून ऐकायलाच बसू लागला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. बुवांनी गजर सुरू केला की सगळं देऊळ हात जोडून डोलायचं, त्यात तोही डोलायचा. घरी येऊन तीच पदं घोळवायचा.

"अवं, जरा हलू म्हना," त्याची बायको तुळसा भाकऱ्या थापता थापता म्हणायची. "कोंबऱ्या अंडी घालाच्या राहिल्यान."

"हस तू. आता नाय झाला तं परत मिठाचे चिखलान उभा ऱ्हावाचा हाय."

तुळसा हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी त्याची एक ओळ चुकली, ती तिनेच चुलीपाशी बसून सुधारून दिली.

स्टेशनची वर्दळ मागे पडली. पंत पहिल्या कडव्यावर आले. गणूने घसा खाकरला आणि साथ धरली. आवाज असा चिरका निघाला की रस्त्यावरच्या एका बाईने वळून पाहिलं. पंत थांबले नाहीत. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज जरा मोकळा झाला. तलावावरून वारा येत होता. तिसऱ्या कडव्यापाशी केव्हातरी परीक्षा, बिल्ला, मिठागर सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. पद तेवढं उरलं. मग पंतांनी विठ्ठलनामाचा गजर उचलला, गणूनेही उचलला, आणि तो थेट देवळातल्या त्या खांबापाशी जाऊन बसला.

टांगा थांबला तेव्हा खोपट आलं होतं. घोडा हौदात तोंड घालून पाणी पीत होता.

"पास," पंत खाली उतरत म्हणाले.

गणूचा विश्वास बसेना. "पंत, म्हंजे गानां बरा झाला?"

"गाणं? भयंकर झालं," पंत पगडी चढवत म्हणाले. "तुमचं गाणं ऐकतोय कोण? मी माझाच सूर ऐकत असतो. हाकणाऱ्याने लगामाला हिसका दिला, घोडा बिचकला, की मागे बसलेल्या माणसाचा सूर हलतो. माझा सूर हलला की तो नापास. मागच्या दोन्ही वेळा तुझ्या टांग्यात मला एक ओळ धड म्हणता आली नव्हती. आज गजर खोपटापर्यंत एका रेषेत आला. इतका हलका हात मी ठाण्यातच काय, कल्याणातही पाहिला नाही. नवीन पोरं येतात ना, त्यांना जरा शिकव, लगाम कसा धरायचा ते."

पंत अंगरख्याच्या खिशातून बिल्ला काढत पुढे आले. गणूने खाली पाहिलं. लगाम फळीवर, त्याच्या पायांपाशी पडला होता. गजर सुरू झाला तेव्हा जोडलेले हात अजून तसेच होते.

"मला कसला नमस्कार करतोस," पंत म्हणाले. "त्या हातांना कर."