वापरलेले घरगुती सामान

दुर्बीण टेबलावर आडवी धरून अधिकाऱ्याने तिच्या काचेवर फुंकर मारली. काच तशीच धुरकट राहिली.

"आतून बुरशी धरलीय," तो म्हणाला.

"म्हणजे सुटली म्हणायची?" मालवाहतूक एजंटाने विचारलं.

"घाई करू नका."

एजंटाचा जीव टांगणीला लागला होता. जहाज शुक्रवारी सुटणार होतं. जमीन मोजायची ही जुनी पितळी दुर्बीण नियंत्रित वस्तूंच्या यादीत बसली, तर निर्यातीला परवाना लागणार आणि परवान्याला सहा महिने. तोवर हे सामान पाठवणाऱ्या बाईची परदेशातल्या शिवणशाळेतली नोकरी दुसऱ्याच कुणाला गेली असती.

बाई कोण, हे इथे विचारायचं नसे. मालकाचं नाव लिफाफ्यात बंद असायचं आणि आदेश निघून घोषणापत्र भरून झाल्यावरच लिफाफा फुटायचा. ही पद्धत या अधिकाऱ्यानेच सुरू केली होती. वस्तू बघायची, माणूस बघायचा नाही, हे त्याच्या हाडीमांसी खिळलं होतं. बावीस वर्षं तो जकातीच्या कोष्टकात वस्तू बसवत आला होता. छत्री की काठी, खेळणं की यंत्र, हातात दिलं की आकडा सांगायचा. ऑफिसात त्याला कोष्टकराव म्हणत. चेष्टेने म्हणत, पण स्वारी खूश व्हायची.

दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. बंदरावरचा भोंगा लांब कुठेतरी वाजला. अधिकाऱ्याने शेजारचं हातशिलाई मशीन नोंदलं आणि पत्र्याचा डबा उघडला.

डब्यात बटणं होती, छोट्या छोट्या पुड्यांत बांधलेली. तो एकेक पुडी सोडत गेला आणि त्याचा हात हळू झाला. बटणं रंगाने लावलेली नव्हती. आधी पदार्थाने: शिंपला, लाकूड, शिंग, प्लास्टिक. मग भोकांनी: दोन, चार. शेवटच्या पुडीत एकेकटी, कशातच न बसणारी. कोष्टकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'इतर' असतं, अगदी तसं.

"ही बाई आपल्यातली आहे," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. तुम्ही उद्या या."

एजंट गेला तरी तो तसाच बसून राहिला. शिंपल्याची बटणं तळहातावर घेतली की थंड लागत. त्याला एक खिडकी दिसू लागली, खिडकीशी मान खाली घालून बसलेली एक बाई, आणि तिच्या मांडीवर ऊन. चेहरा काही केल्या दिसेना. चेहऱ्याशिवायही त्याला ती आवडली. या वयात हे बरं नव्हे, असं त्याने स्वतःला बजावलं आणि आणखी एक पुडी सोडली.

घरी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. एरवी तो ऑफिसचं घरी काढत नसे. घरचं तर कुठेच काढत नसे.

"काय नीटस बाई असेल!" तो म्हणाला. "नाहीतर आपल्याकडे. चार दिवस झाले, शर्टाला टाचणी लावून फिरतोय."

"बटणं संपलीत," बायको म्हणाली. "आणि अडवलंत तर तिचं काय होईल?"

"बसेल सहा महिने. नोकरीही जाईल."

"तुम्हाला काय वाटतं? तिने जावं?"

"जावं की! अशा बाईला अडवून ठेवायचं म्हणजे पाप."

"तिचं इथे कुणी नसेल का?"

"असता तर एवढं सगळं त्याच्या डोळ्यांदेखत जाऊ दिलं असतं का त्याने?"

बायकोने त्याला आणखी वाढलं. पाण्याचा पेला भरून हाताशी ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. तो मनातल्या मनात आदेशाचा मसुदा करत होता.

गुरुवारी त्याने तो लिहून काढला. इतका सुरेख आदेश त्याच्या हातून आजवर उतरला नव्हता. वस्तू कशासाठी घडवली होती याला महत्त्व नाही, आता तिच्यात काय उरलं आहे ते बघायचं. या दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, म्हणून ती उपकरण नव्हे, आठवण आहे. मशीन, बटणं, दुर्बीण मिळून एकच संच: वापरलेले घरगुती सामान. परवान्याची गरज नाही.

एजंटाने दोन्ही हात जोडले.

"मालकिणीला खिडकीवर पाठवा," अधिकारी म्हणाला. "घोषणापत्र समक्षच भरावं लागतं."

एजंट गेल्यावर त्याने केस सारखे केले, टाचणी आत वळवली. आपल्या या नटण्याची त्याला लाजही वाटली. आज एकदा तरी मान वर करून बघायचं, असं त्याने ठरवलं.

पण काचेपलीकडे सावली पडली आणि सवयीने त्याची मान फॉर्मवर गेली. आधी रकाने, मग बघू.

"सामान तुमचंच?"

"हो."

"सोबत कोण जाणार?"

"कुणी नाही."

"परत आणायचा विचार?"

पंखा घरघरत होता.

"नाही."

त्याने तिन्ही रकाने भरले. अक्षर नेहमीपेक्षा वळणदार आलं. पेन पहिल्या ओळीवर नेऊन त्याने शेवटचा प्रश्न विचारला.

"नाव?"

"अहो," त्याची बायको म्हणाली, "तेवढं तरी आठवतंय ना?"