शिंपीकाकांची घाई

"धडक बसायच्या आधी मनात काय चाललं होतं, ते सांगा," प्रशिक्षिका म्हणाली.

वर्गातल्या सगळ्यांचीच लायसन्सं अपघातापायी जप्त झाली होती. ती परत हवी असतील, तर हा वर्ग पुरा करणं भाग होतं.

टॅक्सीवाल्यानं लगेच हात वर केला. "मागचा सारखा हॉर्न वाजवत होता. म्हटलं, थांब लेका, दाखवतो तुला. त्याला दाखवायच्या नादात पुढचं दिसलंच नाही."

सगळे हसले. प्रशिक्षिकाही हसली. "खरं बोललात. आपल्याला वाटतं, गाडी हात चालवतात. चालवतो तो स्वभाव. तुमचं काय, काका?"

मागच्या बाकावरचे म्हातारे शिंपी उठून उभे राहिले. त्यांच्या गाडीनं सिग्नल तोडून, स्कूटरवरून ड्युटीला निघालेल्या एका नर्सला उडवलं होतं. तिचा पाय वाचला, पण कुबड्या अजून सुटल्या नव्हत्या.

"घाई होती," ते म्हणाले.

"कसली?"

ते विचारात पडले. "कसलीच नाही. घाई आपली नेहमीचीच."

प्रशिक्षिकेला हे उत्तर पटलं नाही. स्वतःच्या चुकीकडे बघायला न धजणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. तिला भीती वाटायची ती त्यांचीच. तिनं काकांना सोडलं नाही.

"त्या बाईंचा चेहरा तरी आठवतो?"

"आठवतो. दर रविवारी त्यांना भेटायला जातो मी."

"काय म्हणतात?"

"काही नाही. मी थोडा वेळ बसतो आणि निघतो."

टॅक्सीवाल्यानं मान खाली घातली. त्या दिवशी पुढे कुणी विनोद केला नाही.

एकदा वर्ग सुटल्यावर काका मागे रेंगाळले. "मॅडम, असा माणूस सुधारतो का हो?"

"सुधारतो की. पण झळ त्याच्या स्वतःच्या अंगाला लागावी लागते. कुणी पाठीशी घातलं, तर जन्मात नाही."

काकांनी मान हलवली. चष्मा काढून ते तो कितीतरी वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

शेवटी प्रत्यक्ष गाडी चालवायची परीक्षा होती. प्रशिक्षिका शेजारी बसली. काकांनी आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी अलगद रस्त्यावर घेतली. बाबागाडी घेऊन एक बाई रस्ता ओलांडायला कडेला उभी होती. काका थांबले. मागच्या मोटारवाल्यानं हॉर्नचा धडाका लावला, मग शिव्या हासडत तो बाजूनं सुसाट निघून गेला.

"जाऊ दे बिचाऱ्याला," काका म्हणाले. "सुखरूप पोचू दे."

प्रशिक्षिकेला भरून आलं. इतकी वर्षं शिकवताना आपल्या बोलण्याचा कुणावर काही परिणाम होतो का, हा प्रश्न तिला छळायचा.

"काका, पहिल्या दिवशी आलेला माणूस आता राहिला नाही."

"तो माणूस..." काका बोलता बोलता थांबले आणि त्यांनी गाडी आवारात वळवली.

लायसन्स हातात पडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र शाळेतल्या मुलासारखे खाली बघत बाहेर पडले. त्यांच्या चष्म्याचं घर टेबलावरच राहिलेलं प्रशिक्षिकेला दिसलं. ते घेऊन ती त्यांच्या मागोमाग फाटकाशी आली.

फुटपाथवर अर्धी चढवलेली एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. आत काकांचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"मिळालं?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मिळालं. बाळा, आता तरी जरा सावकाश..."

"बसा हो बाबा, पटकन! बरं झालं मिळालं ते. परत माझ्या हातून काही झालं, तर गाडी कोण चालवत होतं म्हणून सांगायचं? आईला तर गाडी येत नाही."